भिलारच्या थंडीत बाहेरच्या पिंजऱ्यात कोणते पोपट ठेवावेत?

सांगलीची_लेक (९ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी,

गेल्या मे महिन्यात आम्ही सांगली सोडून पाचगणीजवळ भिलारला राहायला आलो. ह्यांची नोकरी संपली, सासऱ्यांची इथं थोडी जमीन आहे, तिच्यात स्ट्रॉबेरी लावतो. सांगलीला विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर होतो तेव्हा अकरा वर्षं गॅलरीत कॉकटेल (कॉकटिएल) पोपट पाळले. तिथं काळजी असायची ती एप्रिल-मेची. पारा चाळीसच्या वर गेला की ओलं गोणपाट टांगायचं, पाणी तीनदा बदलायचं. थंडीचा विचार कधी करावाच लागला नाही.

इथं घरामागे ऐसपैस जागा आहे. गॅलरीत बिचाऱ्यांना पंख झाडण्यापुरतीच जागा होती. आता बारा फूट लांब, सहा फूट रुंद, सात फूट उंच असा खरोखर उडता येईल असा पिंजरा बांधायचा आहे. पक्षी बारा महिने बाहेरच राहावेत अशी इच्छा आहे.

पण जो येतो तो सांगतो, "इथं पोपट टिकत नाहीत, गारठ्यानं मरतात." डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, गाड्यांच्या टपावर बर्फाची साय धरते, हे आपण दरवर्षी पेपरात वाचतोच. भिलार तिथून लांब नाही. सांगलीहून आणलेल्या तिघांपैकी एक नर ऑगस्टमध्ये गेला. गारठ्यानंच गेला असं मी धरून चालले आहे आणि ते मनातून जात नाही.

एका दुकानदारानं सन कोन्यूर घ्या म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं आफ्रिकन ग्रे. शेजारचा एक मुलगा म्हणतो, "काकू, सिल्व्हर ओकच्या ढोलीतलं पिल्लू काढून देतो, ते इथलंच असतं, त्याला थंडी बाधत नाही." त्याला मी थांबवून ठेवलं आहे.

तर थंडी सोसणारे पोपट कोणते? ज्यांनी सातारा, पाचगणी, महाबळेश्वर भागात पाळले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खंबाटकी

वाचतोय. वाईत बहिणीकडे बजरी पोपट आहेत, तिला दुवा पाठवला.

घाटवाट

ताई, त्या मुलाला थांबवलंत ते फार चांगलं केलंत. आता कायमचं थांबवा. कीर, तोई, राजपोपट, मलबारी पोपट, यातला एकही देशी पोपट घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, २०२२ च्या दुरुस्तीनं ते आणखी कडक झालं. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मिठू आहे" असं म्हणून कुणी सुटत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी ढोलीतून पिल्लू काढणं म्हणजे काय ते मी वाई-पाचगणी पट्ट्यात पाहिलं आहे. ढोलीचं तोंड कोयत्यानं मोठं करतात. चारातली दोन पिल्लं हातात येईपर्यंतच मरतात. आणि ती ढोली पुन्हा कुठल्याच पक्ष्याच्या कामाची राहत नाही. पोपट स्वतः ढोली कोरत नाही, तांबटानं किंवा सुतारानं सोडलेलीच वापरतो. एक ढोली गेली म्हणजे पुढच्या दहा वर्षांचं बिऱ्हाड गेलं.

तुम्ही भिलारला राहता हे तुमचं भाग्य आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि सावर फुलली की मलबारी पोपट बघा, मानेभोवती निळसर हिरवं कडं असतं. तो जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो. चिमणीएवढा लटकन पोपट दिसला तर नशीबच. तो वटवाघळासारखा उलटा टांगून झोपतो.

पिंजरेवाला_मिरज

ताई, मी बावीस वर्षं बजरी आणि कॉकटेलची पैदास करतो आहे. माझं म्हणणं सरळ आहे: पक्षी कुठल्या मुलखातला ते आधी बघा, दुकानदार काय सांगतो ते नंतर.

बजरी आणि कॉकटेल ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातले. तिथं उन्हाळ्यात अंगाची लाही होते आणि हिवाळ्यातल्या रात्री पारा शून्याला टेकतो. पीचफेस लव्हबर्ड नैऋत्य आफ्रिकेतल्या कोरड्या रानातला, तोही गार रात्री जाणतो. रोझेला आणि रेडरम्प आग्नेय ऑस्ट्रेलियातले, ते तर आणखी काटक. काकारिकी न्यूझीलंडचा, त्याला थंडीपेक्षा आपल्या सांगलीचा उन्हाळाच जास्त बाधतो.

आता उलट बाजू. सन कोन्यूर दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येकडचा, बारा महिने उबदार हवेत राहणारा. आफ्रिकन ग्रे काँगोच्या दमट जंगलातला. हे पक्षी तुमच्याकडे जानेवारीत रात्री बाहेर ठेवायचे नाहीत म्हणजे नाहीत. घरात ठेवायची तयारी असेल तरच त्यांचं नाव काढा.

दुसरी गोष्ट, पक्षी बाहेर कधी सोडता त्यावर निम्मं यश आहे. उबदार खोलीतला पक्षी डिसेंबरात एकदम बाहेर काढला तर काटक जातसुद्धा आजारी पडते. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर काढा. मग ऋतू बदलेल तशी त्याची पिसं दाट होतात आणि थंडी येईपर्यंत गोधडी तयार असते.

एका पिंजऱ्यात लव्हबर्ड आणि बजरी मात्र एकत्र ठेवू नका. लव्हबर्ड बजरीच्या पायांची बोटं तोडतो. माझ्याकडे अशा तीन माद्या होत्या, लंगडत दांडीवर बसायच्या. रोझेला असेल तर एका पिंजऱ्यात एकच जोडी.

कोयनेचा_पाणलोट

काका, बजरी म्हणजेच लव्हबर्ड ना? आमच्या पाटणमध्ये तर त्या रंगीत छोट्यांनाच लव्हबर्ड म्हणतात.

पिंजरेवाला_मिरज

म्हणतात सगळे, पण ते बजरी. लांब शेपटी, अंगावर लाटांसारख्या रेषा, वजन तीस-चाळीस ग्रॅम. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि अंगानं भरलेला. दुकानात नाव विचारू नका, शेपटी बघा.

शिकागोचा_सातारकर

ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी मूळचा शाहूपुरीचा. इथं शिकागोच्या हाइड पार्क भागात क्वेकर पोपटांचे थवे १९७० च्या दशकापासून मोकळे राहत आहेत, पाळलेल्यांतून सुटलेले. हॅरॉल्ड वॉशिंग्टन महापौर होते तेव्हा त्यांच्या घरासमोरच घरटी होती आणि त्यांना ती आवडायची. इथं जानेवारीत पारा शून्याखाली वीसपर्यंत जातो. पहिल्या हिवाळ्यात ते हिरवे पक्षी बर्फावर बघून मला साताऱ्याच्या चार भिंती टेकडीवरचे राघू आठवले आणि डोळ्यांत पाणी आलं.

ते टिकतात कसे, तर काड्यांची थोरली घरटी बांधून. पोपटांच्या जातीत काड्यांचं घरटं बांधणारा हा एकटाच. एकेका घरट्यात वाड्यासारखी बरीच बिऱ्हाडं असतात, प्रत्येकाचं दार वेगळं. पिल्लं नसतानाही, बारा महिने त्यातच झोपतात. आणि कडाक्याच्या दिवसांत लोकांनी अंगणात टांगलेल्या दाण्यांवर जगतात.

लंडनलाही आपल्याकडचे कीर बागांमधून सुटे फिरतात, बर्फ पडलं तरी. म्हणजे थंडी सोसायची ताकद पोपटात आहे. त्याला रात्री कोरडी जागा आणि दिवसा पोटभर दाणे हवेत.

माचुतरकर

शिकागोचे दादा बरोबर बोलले, फक्त एक शब्द मोठ्यानं वाचा सगळ्यांनी. *कोरडी.*

ताई, मी इथलाच. सगळे तुम्हाला जानेवारीचं सांगत्यात, मी जुलैचं सांगतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनबी कमी. तुमचं भिलार दोन्हीच्या मधी. धुकं एकदा बसलं की पंधरा-पंधरा दिवस हटत न्हाई. काडेपेटी ओढत न्हाई, मिठाचं पाणी होतं, चपलांना पांढरी बुरशी येती, कपडे शेगडीवर धरून वाळवायचे. अशात पिंजऱ्यात काय होत असंल?

मी २०१९ ला अकरा बजरी आणल्या. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूला जाळी. जुलैत सात गेल्या. राहिलेल्या चारी थंडीत जित्या होत्या. त्या जानेवारीत आमच्या दारातल्या बादलीवर सकाळी पापुद्रा धरला होता आणि ह्या चौघी दांडीवर फुगून बसलेल्या, ऊन आलं की किलबिलाट. थंडीनं एकबी गेली न्हाई. सगळ्या पावसानं गेल्या.

पूर्वी आमच्याकडं घरांना पावसाच्या बाजूनं गवताच्या झडी बांधायचे. भिंत भिजू द्यायची न्हाई म्हणून. माणसाच्या भिंतीला झड लागती तर पाखराच्या जाळीला का नको? माझी चूक तीच झाली.

पशुवैद्य_शिरवळ

माचुतरकरांचा प्रतिसाद ह्या धाग्याचा कणा आहे. वैद्यकीय बाजू मांडतो.

पक्ष्याच्या अंगाचं तापमान चाळीस-एक्केचाळीस अंश असतं. पिसं फुलवून तो त्यांच्यात हवा कोंडतो आणि ती हवा पांघरुणाचं काम करते. पिसं भिजली की ती हवा जाते आणि पांघरूण संपतं. कोरड्या चार अंशांत निवांत बसणारा पक्षी ओल्या पंधरा अंशांत, वारा लागत असेल तर, गारठून जातो.

दुसरं त्याहून गंभीर. दमट हवेत दाण्यावर, भुश्यावर, जुन्या घरट्यात बुरशी धरते आणि तिचे कण पक्षी श्वासातून आत घेतो. पक्ष्याला फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक पक्ष्यांत नऊ. त्या पिशव्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथं बुरशी रुजली की औषध नीट पोचत नाही. ह्या आजाराला अॅस्परजिलोसिस म्हणतात. आफ्रिकन ग्रे त्याला विशेष बळी पडतो.

ताई, मला सांगा: तुमचा नर जाण्याआधी श्वास घेताना शेपूट खालीवर हलत होती का? आवाज बदलला होता का? खाणं चालू असून छातीचं हाड टोचत होतं का? आणि दाणे कुठे ठेवले होते?

शेजारीपाजारी सांगतील म्हणून पिंजऱ्याजवळ कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिच्या वायूनं माणसाआधी पक्षी जातो.

सांगलीची_लेक

डॉक्टर, तुमचे चार प्रश्न वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

शेपूट हलत होती. घड्याळाच्या लंबकासारखी, एका लयीत. मला वाटलं थंडीनं कापतोय, म्हणून पिंजऱ्यावर शाल टाकली. तो रोज सकाळी ह्यांच्या बुटांचा आवाज ऐकला की शीळ घालायचा. आठ दिवस ती शीळ आली नाही, नुसता घोगरा टक-टक असा आवाज. खात होता. हातात घेतला तेव्हा छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं.

दाण्यांचं पोतं दहा किलोचं, सांगलीहून येतानाच भरून आणलं होतं. कोठीच्या खोलीत स्ट्रॉबेरीच्या क्रेटशेजारी जमिनीवरच होतं. तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता जाऊन हात घातला. वरचे दाणे बरे दिसतात, पण कोपरापर्यंत हात गेला की आत ऊब लागते आणि पावसात राहिलेल्या गोणपाटासारखा वास येतो. तळाशी राळ्याचे गोळे झालेत. मुठीत धरले तर फुटतात आणि धूर निघावा तशी धूळ उडते.

मी त्याला दोन महिने हेच घातलं. बाकीच्या दोघी अजून हेच खात होत्या. पोतं आत्ताच बाहेर काढून जाळलं.

पशुवैद्य_शिरवळ

जाळलंत ते उत्तम. शवविच्छेदन झालेलं नाही, त्यामुळे तेच कारण असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण लक्षणं जुळतात. राहिलेल्या दोघींना ह्याच आठवड्यात पक्षी बघणाऱ्या डॉक्टरला दाखवा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही आणू शकता. घरगुती औषध नको.

पुढे एक सवय लावा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी प्रत्येकीचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. कॉकटेल साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅम. नव्वदची ऐक्याऐंशी झाली तर सोमवारची वाट बघू नका. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, काट्यापासून मात्र तो लपत नाही.

दाणे महिन्याला लागतील तेवढेच आणा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. शेंगदाणे पावसाळ्यात बंद.

उघडं_आभाळ

सगळं वाचलं. ताईंचं दुःख खरं आहे, पण कुणालाच प्रश्न पडत नाही का, की उडणारा जीव कोंडायचाच कशाला? मोठा असला तरी पिंजराच. त्या दोघींना सोडून द्या.

घाटवाट

देशी पक्ष्याच्या बाबतीत मी शंभर टक्के तुमच्या बाजूला आहे. पण कॉकटेल सोडून द्या हे म्हणणं चुकीचं आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी. इथलं कुठलं फळ खायचं, शिकरा आला की कुठं लपायचं, त्याला ठाऊक नाही. दोन दिवस जगणार नाही. आणि क्वेकरसारखा चिवट पक्षी सुटला आणि जगला, तर इथल्या पक्ष्यांच्या अन्नावर हक्क सांगणार. पश्चिम घाटात तो प्रयोग नको. परदेशी पक्षी पाळायचा तर तो कधीही बाहेर निसटणार नाही ही पाळणाऱ्याची जबाबदारी.

पिंजरेवाला_मिरज

आभाळराव, तुमचा प्रश्न मलाही दर वर्षी पडतो. म्हणूनच ताई बारा फुटांचा पिंजरा बांधतायत ह्याचं मला कौतुक आहे. बहुतेक लोक दीड फुटाच्या डब्यात जोडी ठेवतात आणि वर मडकं टांगतात. नव्यानं आणू नका म्हणालात तर पटेल. असलेल्या दोघींना सोडा, हे नाही पटत.

उघडं_आभाळ

घाटवाट, शिकऱ्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. सोडण्याचं म्हणणं मागे घेतो. नवे पक्षी कमीत कमी आणा, एवढी विनंती कायम.

कृष्णामाईचं_कराड

अवांतर: आमच्या आत्यांनी फोनवर सांगितलं, "अगं, ह्यांनी घरी दोन कॉकटेल आणलेत." सासूबाई माळकरी. आठ दिवस त्यांनी आत्यांच्या घरचा चहा घेतला नाही. शेवटी आत्या पिंजराच घेऊन आल्या. आता सासूबाईंच्या हरिपाठाला तो शेंडी उभारून बसतो.

सुतारपक्षी_कराड

मूळ प्रश्नाकडं येतो. मी लोखंडी आणि लाकडी पिंजरे बांधून देतो, पाचगणीत तीन बांधलेत. जात कोणतीही घ्या, पिंजरा चुकला की सगळं चुकलं.

जागा. खोलगट जागेत बांधू नका. निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली साचते, वेण्णा तलावाकाठी दव गोठतं ते त्यामुळंच. चार-पाच फूट वर चढलं तरी फरक पडतो. घराच्या पूर्वेला किंवा आग्नेयेला बांधा म्हणजे सकाळचं ऊन पहिल्यांदा तिथं.

पश्चिम आणि नैऋत्य बाजू पूर्ण बंद, पावसाचा मारा तिकडूनच. नुसता ताडपत्रीचा पडदा चालत नाही, वाऱ्यानं फडफडतो आणि पक्षी घाबरतात. विटांची भिंत किंवा दुहेरी प्लाय. त्याच टोकाला चार फुटांची रातखोली करा: तीन बाजू बंद, वर छप्पर, पुढं सरकतं दार, छताखाली एक फट, कारण कोंदट खोलीत पुन्हा बुरशी. पक्षी रात्री सगळ्यात उंच जागी बसतात, म्हणून रातखोलीतली दांडी बाहेरच्या दांड्यांपेक्षा वीतभर वर हवी. नाहीतर खोली रिकामी आणि पक्षी बाहेर भिजत. पाचगणीतल्या पहिल्या कामात माझ्याकडून हेच राहिलं होतं, नंतर जाऊन दुरुस्त करून दिलं.

छपराला नुसता पत्रा नको. पावसाचा ताशा वाजतो आणि कॉकटेल रात्री बिथरतात. पत्र्यावर गवताचा थर द्या. जाळी अर्ध्या इंचाची, म्हणजे उंदीर आणि मोठा साप आत येत नाही. रातखोलीजवळ जाळी दुहेरी, मधे दोन इंच अंतर, कारण मांजर आणि उदमांजर बाहेरून पंजा घालून पाय ओढतात. नवी जस्ताची जाळी व्हिनेगर लावून ब्रशनं घासा, धुऊन काढा. पोपट जाळी चावतो आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. जमीन सिमेंटची, उताराची. मातीत जंताची अंडी राहतात.

दारं दोन, मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा. घाटवाटांची काळजी तिथंच मिटते.

दांड्या पेरूच्या किंवा बाभळीच्या. लोखंडी पाइप अजिबात नको, थंडीत पायाची बोटं गोठतात. रातखोलीत मी दोन इंच रुंद चपटी लाकडी पट्टी लावतो, पक्षी त्यावर बसला की पोटाची पिसं बोटांवर येतात.

माचुतरकर

रातखोलीची कल्पना झकास. हिटरच्या भरवशावर मात्र कुणी राहू नका. आमच्याकडं वादळी पावसात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत न्हाई.

पशुवैद्य_शिरवळ

सहमत. जानेवारीत आपल्याकडे रात्र तेरा तासांची असते आणि तेवढा वेळ पक्षी उपाशी. अंग जितकं लहान तितकी ऊब लवकर जाते, म्हणून बजरीला कॉकटेलपेक्षा जास्त जपावं लागतं. संध्याकाळी मावळतीआधी भांडं भरलेलं हवं. त्या दोन महिन्यांत करडई आणि सूर्यफूल थोडं वाढवा, फेब्रुवारीअखेर पुन्हा कमी करा.

कॉकटेल अंधारात दचकून जाळीवर आपटतात. रातखोलीत अगदी मंद दिवा असावा.

पिंजरेवाला_मिरज

आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी घरट्याची मडकी, पेट्या काढून ठेवा. थंडीत अंडं अडकून मादी जाते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस बारा महिने टांगलेला हवा.

ताई, शेतातली स्ट्रॉबेरी पक्ष्यांना घालत असाल तर फवारणीचं लक्षात ठेवा. फवारलेल्या ओळीतलं पानसुद्धा नको.

घाटवाट

कागदपत्रांचं राहिलं. बजरी, कॉकटेल आणि पीचफेस लव्हबर्ड हे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या यादीत नाहीत. बाकी जवळजवळ सगळे परदेशी पोपट यादीत आहेत: रोझेला, काकारिकी, क्वेकर, कोन्यूर, फिशर लव्हबर्डसुद्धा. ग्रे तर २०१७ पासून सगळ्यात कडक यादीत. यादीतला पक्षी घेतला की २०२४ च्या नियमांप्रमाणे तीस दिवसांत पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडून लेखी कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

सांगलीची_लेक (३ नोव्हेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. मी थंडी सोसणारे पोपट कोणते म्हणून विचारायला आले होते. आता कळलं की मला सोसवायची आहे ती ओल.

दोघींना शिरवळला दाखवलं, औषध चालू आहे, वजनं ८८ आणि ९३. पिंजरा कॉकटेलचाच करायचं ठरलं. दोघी आहेतच, एक नर आणखी आणेन, बस. बजरी नकोत, इतक्या लहान जिवाचा भार इथल्या पहिल्या वर्षी घ्यायची माझी तयारी नाही. रोझेलाचा मोह झाला होता, तो सोडला. आणि बारा महिने बाहेर हा हट्टही सोडला. जून ते सप्टेंबर तिघंही घरात, स्वयंपाकघराशेजारच्या पडवीत राहतील. चूल तिथंच असते, हवा कोरडी राहते. चूल पेटली की धूर बाहेर जायला वरचा झरोका मोठा करून घेतला आहे.

मिरजेच्या काकांनी मार्चमध्ये बाहेर काढा म्हटलं आहे. पण ह्या दोघी मे महिन्यापासून बिनहिटरच्या पडवीतच आहेत. औषध संपलं आणि डॉक्टर हो म्हणाले तर डिसेंबराआधी बाहेर चालतील का?

पिंजरेवाला_मिरज

गरम खोलीतल्या नाहीत म्हणून चालेल. नोव्हेंबर संपायच्या आत, आधी दिवसा बाहेर आणि रात्री आत असे दहा दिवस करा. नवा नर मात्र मार्चनंतरच.

माचुतरकर

पडवीत शेगडी न्हाई ना? चूल आणि झरोका ठीक. झडी बांधायला मी माणूस देतो, गवत आमच्याकडचं.

सांगलीची_लेक (१४ जानेवारी)

तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

पिंजरा नोव्हेंबरच्या मध्यावर उभा राहिला. झडी माचुतरकरदादांच्या माणसानं बांधल्या, पैसे घ्यायला तयार नव्हता, स्ट्रॉबेरीची पेटी दिली. दोघी डॉक्टरांच्या परवानगीनं २८ नोव्हेंबरपासून रात्रीही बाहेर आहेत.

आज पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन गेले. बाहेरच्या खांबावरचा तापमापक ५ अंश दाखवत होता, रातखोलीतला १०. दोघी चपट्या पट्टीवर एकमेकींना चिकटून, मान पाठीच्या पिसांत खुपसून, एकेक पाय पोटाशी घेतलेला. बोटं दिसतच नव्हती. बॅटरीच्या उजेडानं धाकटीनं एक डोळा उघडला, पुन्हा मिटला. दोघींच्या शेपट्या स्थिर. मी पाच मिनिटं त्या शेपट्यांकडेच बघत उभी होते.

सव्वासातला ऊन जाळीवर आलं तशा दोघी एका दमात बारा फूट उडून पूर्वेच्या दांडीवर गेल्या. सांगलीच्या गॅलरीत अकरा वर्षांत मी त्यांना असं उडताना पाहिलं नव्हतं. रविवारची वजनं ९१ आणि ९६.

पशुवैद्य_शिरवळ

उत्तम. करडई फेब्रुवारीअखेर कमी करायची विसरू नका.

कृष्णामाईचं_कराड

उडतानाचा फोटो टाका ना ताई. सासूबाई विचारतायत.